सभागृहात आरोग्यमंत्र्यांना प्रश्न: ‘हे खरे नाही’च्या पलीकडचं उत्तर कसं मिळवावं

महाराष्ट्र विधानमंडळाच्या तारांकित, म्हणजे सभागृहात उत्तर दिल्या जाणाऱ्या, प्रश्नोत्तरांची यादी पहिल्यांदा हातात येते तेव्हा नजर एका ओळीशी अडखळते. वर पाच भागांचा प्रश्न असतो: अमुक ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर नाहीत, औषधांचा तुटवडा आहे, रुग्णांचे हाल होत आहेत हे खरे आहे काय, असल्यास, चौकशी केली आहे काय, चौकशीत काय आढळून आले, त्यानुसार कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? खाली उत्तर असतं: ‘(१) हे खरे नाही. (२) ते (५) प्रश्न उद्भवत नाही.’

कालच त्या रुग्णालयातली चिठ्ठी घेऊन बाहेरच्या दुकानातून औषध विकत आणलेल्या माणसाने हे वाचलं तर त्याचा संताप होतो, आणि तो रास्त आहे. पण या ओळीमागे दरवेळी कोणी खोटं बोललेलं असतंच असं नाही. त्या रुग्णालयात दोन डॉक्टर हजेरीपटावर असतात, भांडारात काही गोळ्यांची खोकी असतात. त्यामुळे ‘डॉक्टर नाहीत, औषधं नाहीत’ हे वाक्य कागदावर खोटं ठरतं आणि पुढचे चारही भाग आपोआप गळून पडतात.

आमदाराच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेले कार्यकर्ते, गावातल्या आरोग्य समितीवर काम करणारी मंडळी, तालुक्याला बातमीदारी सुरू केलेली मुलं-मुली, यांच्यासाठी हे लिहिते आहे. प्रश्न विचारण्याचा अधिकार आमदारांचा असला तरी त्यातला तपशील बाहेरूनच यावा लागतो. अशा प्रश्नांचे कच्चे मसुदे मी बरीच वर्षं लोकप्रतिनिधींना नेऊन देत आले आहे. त्यातून शिकले ते पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी: प्रश्न नेमका कोणत्या मंत्र्यांचा?

सगळ्यात जास्त प्रश्न इथेच वाया जातात. तीन घटना आठवा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बालकं होती.

आपल्यासाठी तिन्ही सरकारी दवाखानेच. सरकारच्या लेखी मात्र तीन वेगळी घरं. भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचं. कळव्याचं रुग्णालय ठाणे महापालिकेचं, म्हणजे मंत्रालयात ते नगरविकास विभागाच्या दारात येतं. नांदेडचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभागाचं, आणि त्या खात्याचे मंत्री वेगळे असू शकतात. नांदेडचा प्रश्न सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांच्या नावाने गेला, तर तो फार तर दुसऱ्या खात्याकडे वर्ग होईल आणि त्या खात्याचा वार तोवर निघून गेलेला असेल. (सभागृहात प्रत्येक खात्याच्या प्रश्नांचे वार ठरलेले असतात.)

म्हणून आधी रुग्णालयाच्या पाटीवरचं पूर्ण नाव लिहून घ्या. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही उतरंड सार्वजनिक आरोग्य विभागाची. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवत असली तरी प्रश्न आरोग्यमंत्र्यांनाच. अंगणवाडीतल्या कुपोषित मुलाचा आहार महिला व बालविकासकडे, आश्रमशाळेतल्या आजारी मुलीचा विषय आदिवासी विकासकडे, औषधाच्या दर्जाची तपासणी अन्न व औषध प्रशासनाकडे आणि वर्षानुवर्षं अर्धवट उभी असलेली रुग्णालयाची इमारत बहुतेकदा सार्वजनिक बांधकामकडे. मेळघाटातल्या बालमृत्यूचा एक प्रश्न खरं तर तीन खात्यांचा असतो. तो तीन प्रश्नांत तोडूनच द्यावा लागतो, कारण एका प्रश्नात एकच विषय असा नियम आहे.

मग केंद्र आणि राज्य. राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने राज्यसूचीत आहेत. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत प्राणवायूअभावी झालेल्या मृत्यूंबद्दल विचारलं गेलं. तेव्हाच्या आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांच्या लेखी उत्तराचा आशय असा होता: आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, मृत्यू राज्यं कळवतात, आणि प्राणवायूअभावी मृत्यू झाल्याचं कोणत्याही राज्याने वा केंद्रशासित प्रदेशाने ‘विशेषत्वाने’ कळवलेलं नाही. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात टाकीतून गळती होऊन प्राणवायूचा पुरवठा तुटला आणि २२ रुग्ण गेले होते. ते दु:ख साऱ्या देशाने पाहिलं होतं, तरी उत्तराच्या चौकटीत ते बसलं नाही. उत्तराचा सगळा भार ‘कळवलेलं’ या एका शब्दावर होता. आपल्यासाठी यातून कामाची गोष्ट अशी: जो नोंद ठेवतो, त्यालाच नोंदीबद्दल विचारा. मृत्यूंची नोंद कोणत्या नमुन्यात होते, त्या नमुन्यात प्राणवायूअभावी असा रकाना आहे का, हा प्रश्न राज्याच्या सभागृहात विचारायचा. केंद्राला विचारायचं ते निधी, लस आणि राष्ट्रीय कार्यक्रमांबद्दल.

दुसरी पायरी: कागद जमवा

मसुदा लिहायला बसण्याआधी स्वतः रुग्णालयात जाऊन या. एक दिवस बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत बसा. कोणत्या खिडकीवर कोण बसतं, कोणतं दार बंद आहे, औषधाच्या चिठ्ठीवर कोणत्या गोळ्यांपुढे ‘बाहेरून’ अशी खूण आहे, ते वहीत उतरवा. तारीख आणि वेळ घाला. ही वही पुढे सोन्याच्या मोलाची ठरते.

मग माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि ३० दिवसांची मुदत. मागायचं थोडंच, पण नेमकं: मंजूर, भरलेल्या आणि रिक्त पदांचा तक्ता, गेल्या सहा महिन्यांचे प्रतिनियुक्तीचे आदेश, औषधांच्या साठ्याची नोंद, दुसऱ्या रुग्णालयात पाठवलेल्या रुग्णांची नोंदवही. औषधांचा साठा ई-औषधी प्रणालीवर चढवला जातो, त्यामुळे ‘माहिती संकलित नाही’ हे कारण तिथे टिकत नाही.

‘प्रतिनियुक्ती’ हा शब्द लक्षात ठेवा, कारण कागद आणि वास्तव यांच्यातली फट सगळ्यात जास्त इथे दिसते. परिचारिका तुमच्या रुग्णालयाच्या पटावर असते, पगार तिथूनच निघतो, पद भरलेलं दिसतं. ती काम करते मात्र जिल्ह्याच्या गावी. तिचा त्यात दोष नसतो, तिथेही माणसं कमीच असतात. पण ‘पदे भरलेली आहेत’ हे उत्तर खरं आणि तुमची बाळंतीणही ताटकळत, असं दोन्ही एकाच वेळी घडतं ते यामुळे.

मोजपट्टीही हाताशी असू द्या. सपाट भागात ३०,००० आणि आदिवासी वा डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. उपकेंद्रासाठी तोच निकष ५,००० आणि ३,०००. तुमच्या तालुक्याची लोकसंख्या घेऊन भागाकार करून ठेवा. आणि कॅगचा, म्हणजे सरकारी खर्चाचं लेखापरीक्षण करणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा, अहवाल वाचा. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक आरोग्य सुविधा आणि सेवांच्या व्यवस्थापनावरचा, २०१६-१७ ते २०२१-२२ या काळाचा लेखापरीक्षण अहवाल डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात मांडला गेला. मनुष्यबळ, औषध खरेदी, यंत्रं, इमारती असं सगळं त्यात आहे. सरकारच्या कागदांवरूनच तो लिहिलेला असल्याने त्यातल्या आकड्यावर प्रश्न उभा केला तर ‘हे खरे नाही’ म्हणणं अवघड जातं.

तिसरी पायरी: वेळेत आमदारांपर्यंत पोहोचा

विधानसभेत २८८ सदस्य आहेत आणि विधान परिषदेत ७८. तुमच्या मतदारसंघाचे आमदार सत्ताधारी पक्षाचे असले तरी त्यांच्याकडे आधी जा. सत्ताधारी आमदारही प्रश्न विचारतात आणि स्वतःच्या रुग्णालयासाठी बऱ्याचदा अधिक चिकाटीने विचारतात. ते मंत्री असतील तर मात्र दुसरं दार शोधावं लागतं, कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत. अशा वेळी विधान परिषदेच्या सदस्यांचा फार उपयोग होतो. शिक्षक, पदवीधर आणि स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी तिथे असतात आणि त्यांचं क्षेत्र मोठं असतं.

वर्षात अधिवेशनं तीन: मार्चच्या सुमारास अर्थसंकल्पी, मग पावसाळी, ही दोन्ही मुंबईत, डिसेंबरात हिवाळी, नागपूरला. प्रश्नांच्या सूचना अधिवेशन सुरू होण्याच्या बऱ्याच आधी द्याव्या लागतात. अधिवेशन तोंडावर आल्यावर मसुदा घेऊन गेलात तर गाडी निघून गेलेली असते. संसदेतही किमान १५ दिवसांची सूचना लागते.

मसुदा आमदारांच्या हाती देण्याबरोबरच त्यांच्या स्वीय सहायकांशी नीट बसून बोला. प्रश्न भरण्याचं काम तेच करतात आणि शेकडो कागदांतून तुमचा कागद वर काढायचा की नाही, हे त्याच टेबलावर ठरतं. एका पानावर प्रश्न, मागे पुराव्याच्या प्रती, वर रुग्णालयाचं नाव आणि खातं. इतकं सुटसुटीत असलं की काम होतं.

चौथी पायरी: शब्द

इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

एक अनुभव सांगते. एका ग्रामीण रुग्णालयात हाड मोडलेल्या माणसालाही एक्स-रेसाठी चाळीस किलोमीटर लांब पाठवत होते. आम्ही उत्साहाने प्रश्न करून दिला: ‘सदर रुग्णालयातील क्ष-किरण यंत्र बंद असल्याने रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय?’ उत्तर आलं, ‘हे खरे नाही. क्ष-किरण यंत्र कार्यरत आहे.’ ते उत्तर खरं होतं. यंत्र उत्तम होतं, पण ते चालवणारा तंत्रज्ञ प्रतिनियुक्तीवर दुसरीकडे होता. दार उघडून यंत्राला वीज देणारं माणूसच तिथे नव्हतं.

पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न असा गेला:

‘(१) सदर रुग्णालयात १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या कालावधीत महिनानिहाय किती क्ष-किरण तपासण्या करण्यात आल्या;
(२) याच कालावधीत क्ष-किरण तंत्रज्ञ सदर रुग्णालयात प्रत्यक्ष किती दिवस उपस्थित होते;
(३) त्यांना अन्यत्र प्रतिनियुक्ती दिली असल्यास आदेशाचा दिनांक व कालावधी काय आहे;
(४) याच कालावधीत क्ष-किरण तपासणीसाठी किती रुग्णांना अन्य रुग्णालयात संदर्भित करण्यात आले?’

या वेळी ‘खरे आहे काय’ असा एकही भाग नव्हता. प्रत्येक भाग स्वतःच्या पायावर उभा होता, त्यामुळे एकाचं उत्तर टळलं तरी बाकीचे टिकत होते. उत्तरात दोन महिन्यांपुढे शून्य आलं. पुढे पंधरवड्याच्या आतच तंत्रज्ञ परत आला. ज्या दिवशी त्या खोलीबाहेर पहिल्यांदा रांग दिसली, त्या दिवशी मी पुष्कळ वेळ नुसती तिथे उभी होते.

याच अनुभवातून काही सवयी लागल्या. ‘तुटवडा’, ‘हाल’, ‘दुरवस्था’, ‘प्रचंड’ असे शब्द काढून टाका. त्यांचं खंडन एका ओळीत होतं. त्यांच्या जागी मोजता येईल असं काहीतरी घाला. औषधांचा तुटवडा आहे का, याऐवजी श्वानदंशाची लस अमुक तीन महिन्यांत किती दिवस साठ्यात शून्य होती, असं विचारा. रुग्णवाहिका आहे का, याऐवजी दूरध्वनी आल्यापासून गाडी दारात पोहोचेपर्यंत सरासरी किती मिनिटं लागली. १०८ क्रमांकाची सेवा २०१४ पासून राज्यात आहे आणि प्रत्येक फोनची वेळ नोंदली जाते, म्हणजे ही माहिती सरकारकडे असतेच. डॉक्टर आहेत का, याऐवजी रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत हजेरी किती दिवसांची.

कालावधी नेहमी तारखांत बांधा. ‘अलीकडे’, ‘गेल्या काही काळात’ असं लिहिलं की उत्तर देणारा त्याला सोयीचे महिने निवडतो.

काय लिहू नये तेही ठरलेलं आहे. प्रश्नात युक्तिवाद, आरोप, तर्क किंवा उपरोध असला तर तो नामंजूर होतो. न्यायप्रविष्ट बाब चालत नाही. एकाच रुग्णाची वैयक्तिक तक्रारही टिकत नाही. ती करायचीच असेल तर तिच्या मागची पद्धत विचारा. म्हणजे ‘माझ्या वहिनीला दाखल करून घेतलं नाही’ यातून ‘या वर्षात किती गर्भवती महिलांना प्रसूतीच्या कळा सुरू असताना पुढे पाठवण्यात आलं’ हा प्रश्न तयार होतो. वहिनीचं दु:ख त्यात मावत नाही, हे खरं. पण तिच्यासारख्या सगळ्याजणी त्यात मोजल्या जातात.

पाचवी पायरी: पैशाचा माग

आरोग्याच्या प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी पैशाचा एक भाग असावाच, आणि नवख्यांना सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. ती घालवायला चार शब्द पुरतात: तरतूद, सुधारित अंदाज, वितरित निधी, प्रत्यक्ष खर्च.

अर्थमंत्री भाषणात सांगतात ती तरतूद, म्हणजे नव्या वर्षाचा अंदाज. वर्षाच्या मध्यावर हिशेब पाहून तो वरखाली होतो, तो सुधारित अंदाज. वित्त विभाग खात्याच्या हातात टप्प्याटप्प्याने जे सोडतो ते वितरण. आणि खरंच उचलून वापरलं गेलं तो खर्च. मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या अर्थसंकल्पात २०२५-२६ ची तरतूद, २०२४-२५ चा सुधारित अंदाज आणि २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च असतो. म्हणजे ज्या आकड्याला टाळ्या मिळतात, त्याचं खरं काय झालं ते छापील पुस्तकात दोन वर्षांनी दिसतं. एवढं थांबायचं नसेल तर सभागृहात विचारावं लागतं, किंवा राज्याच्या बीम्स या अर्थसंकल्पाच्या संगणक प्रणालीवर लेखाशीर्षानुसार तरतूद, वितरण आणि खर्च पाहावा लागतो.

लेखाशीर्षाला घाबरू नका, तो सरकारी हिशेबातला खर्चाच्या प्रकाराचा क्रमांक असतो. ‘वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य’ याचं मुख्य लेखाशीर्ष २२१०, बांधकामासारख्या भांडवली खर्चाचं ४२१०, कुटुंब कल्याणाचं २२११. सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण ही दोन्ही खाती २२१० खाली खर्च करतात, त्यामुळे आकडा कोणाचा हे नेहमी तपासून घ्या. नाहीतर एकाची तरतूद आणि दुसऱ्याचा खर्च अशी तुलना होऊन बसते. मी ही चूक केलेली आहे आणि त्यापायी एक चांगला उपप्रश्न फुकट गेला.

पैशाचा भाग असा लिहा: ‘सन २०२४-२५ मध्ये अमुक लेखाशीर्षाखाली अमुक जिल्ह्यासाठी किती तरतूद होती, पैकी किती निधी कोणत्या दिनांकास वितरित झाला, ३१ डिसेंबरपर्यंत किती खर्च झाला आणि मार्च महिन्यात किती?’ तारखा मागायला विसरू नका. औषधांचे पैसे फेब्रुवारीत आले तर पावसाळ्यातल्या तापाच्या साथीला त्यांचा उपयोग नसतो, आणि मार्चअखेरच्या घाईत काय खरेदी होतं ते भांडारात जाऊन पाहिलं की कळतं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा निधी महाराष्ट्रासाठी केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के असा असतो. तिथे केंद्राचा हिस्सा राज्याच्या तिजोरीत कधी आला आणि तिथून अभियानाकडे कधी गेला, या दोन तारखा मागा. आशाताईंचं मानधन का रखडलं, याचं उत्तर पुष्कळदा या दोन तारखांच्या मधल्या दिवसांत सापडतं.

एकूण खर्च पुरेसा आहे का, हे विचारायचं तर राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ हाताशी घ्या. राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर खर्चावी आणि हे २०२० पर्यंत गाठावं, असं त्यात लिहिलेलं आहे. मंत्र्यांनी ‘तरतूद गतवर्षीपेक्षा वाढवली’ असं सांगितलं, की एकूण अर्थसंकल्पाच्या किती टक्के, हा उपप्रश्न तयार ठेवा. रकमा दरवर्षी वाढतातच.

आणि खरेदी. निविदा, दरकरार, पुरवठादार हे शब्द आले की अनेकांचा उत्साह मावळतो. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये विषारी भेसळ निघाली आणि १४ रुग्णांचा जीव गेला. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्यानंतर औषध खरेदी आणि तपासणीची सगळी साखळी उघडी पाडली. तेव्हापासून मी खरेदीचा कागद पुस्तकासारखा सावकाश वाचते. २०१७ पासून राज्याची औषध खरेदी हाफकिनच्या महामंडळाकडे होती. २०२३ मध्ये त्यासाठी कायद्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण झालं. विचारायचं एवढंच: मागणी कोणत्या तारखेला नोंदवली, पुरवठा आदेश कधी निघाला, माल कधी आला, तपासणीचा अहवाल कधी आला आणि किती माल मुदतबाह्य होऊन नष्ट केला.

सहावी पायरी: कोणतं आयुध कधी

सभागृहात विषय मांडण्याच्या वेगवेगळ्या मार्गांना विधिमंडळात संसदीय आयुधं म्हणतात. तारांकित प्रश्नाचं उत्तर सभागृहात येतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. पण तास एकच असतो आणि मोजकेच प्रश्न प्रत्यक्ष चर्चेला येतात. (लोकसभेत दिवसाला २० तारांकित प्रश्न यादीत असतात, तिथेही शेवटापर्यंत क्वचितच पोहोचतात.) जिल्हानिहाय तक्ते हवे असतील तर अतारांकित प्रश्नच बरा. उत्तर लेखी मिळतं, यायला वेळ लागला तरी हाती तक्ता राहतो. साथ, आग, अचानक मृत्यू असं काही घडलं तर लक्षवेधी सूचना. तिच्यावर मंत्र्यांना निवेदन करावं लागतं. तारांकित प्रश्नाचं उत्तर अपुरं वाटलं तर त्याच विषयावर अर्धा तास चर्चा मागता येते. या आयुधाचा वापर व्हायला हवा तेवढा होत नाही, आमदारांना त्याची जरूर आठवण करून द्या.

अर्थसंकल्पी अधिवेशनात विधानसभेत खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर मतदान होतं. तेव्हा कपात सूचना द्यायची. मागणी १०० रुपयांनी कमी करावी अशी लाक्षणिक सूचना असते आणि तिच्या निमित्ताने तुमच्या तालुक्याचा विषय कामकाजात नोंदला जातो. हा अधिकार विधानसभेचा. परिषदेत मागण्यांवर चर्चा होऊ शकते, मतदान नाही. पुरवणी मागण्याही चाळा. आरोग्य खातं वर्षाच्या मध्यावर जादा पैसे मागत असेल तर आधीचे किती खर्च झाले, हे विचारण्याची ती अचूक वेळ.

सातवी पायरी: सभागृहातला दिवस

उत्तराची छापील प्रत त्या दिवशी मिळते. आमदारांसाठी एक चिठ्ठी आधीच करून ठेवा, त्यावर तीनच उपप्रश्न. पहिला उत्तरातल्या विसंगतीवर, दुसरा तारखेवर, तिसरा जबाबदारीवर: हे काम कोणत्या अधिकाऱ्याकडे दिलं आणि कोणत्या दिवसापर्यंत होणार? सभागृहात गोंधळ असतो, वेळ एखाद मिनिटाचा असतो. लांब पार्श्वभूमी सांगण्यात तो गेला तर मंत्रीही लांबच बोलतात.

उत्तर चुकीचं असल्याचा कागद तुमच्याकडे असेल तर तो त्याच वेळी आमदारांच्या हातात असायला हवा. विसंगती पुराव्यानिशी दाखवली तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवायला सांगू शकतात आणि खात्याला पुन्हा उत्तर द्यावं लागतं.

मंत्र्यांचे शब्द जसेच्या तसे टिपा. ‘तपासून घेऊ’, ‘चौकशी करून कारवाई करू’, ‘एका महिन्यात पदं भरू’, ‘माहिती पटलावर ठेवू’. कामकाजाचं थेट प्रक्षेपण होतं, तेव्हा गावात बसूनही हे करता येतं.

आठवी पायरी: उत्तरानंतर

नवखे बहुतेक इथे थांबतात. बातमी येते, हार घातले जातात आणि पद रिकामंच राहतं.

सभागृहात दिलेला शब्द आश्वासन ठरतो आणि त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. संसदेत कोणते शब्द आश्वासन समजायचे याची यादीच आहे आणि ते तीन महिन्यांत पूर्ण करणं अपेक्षित असतं. आपल्याकडेही अधिवेशन संपल्यावर आमदारांच्या पत्रावर समितीकडे विचारणा करता येते: प्रश्न क्रमांक अमुक, दिनांक अमुक, आश्वासन असं होतं, सद्यःस्थिती काय? पत्राची पोच जपून ठेवा.

कॅगच्या अहवालातला मुद्दा असेल तर ते अहवाल तपासणाऱ्या, आमदारांच्या लोकलेखा समितीकडे पाहा. ती विभागाच्या सचिवांना साक्षीला बोलावते, आणि तिथे पक्षाची भाषणं कमी, कागद जास्त असतात. समितीवर तुमच्या भागातले आमदार असतील तर तुमच्या तालुक्याची टाचणं त्यांना साक्षीच्या आधी पोहोचवा.

घरी एक वही करा. एका पानावर एक प्रश्न: क्रमांक, तारीख, उत्तराचा सारांश, आश्वासन आणि शेवटचा रकाना ‘रुग्णालयात जाऊन काय दिसलं’. तो रकाना दर महिन्याला स्वतः जाऊन भरायचा. अधिवेशन संस्थगित होताना पुढच्या अधिवेशनाची तारीख सभागृहात जाहीर होते. ती ऐकली की वही उघडा, अजून ‘पद रिक्त’ लिहिलेली पानं बाजूला काढा आणि नव्या मसुद्याची पहिली ओळ जुन्या प्रश्नाच्या क्रमांकाने सुरू करा: ‘तारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या दिनांक अमुक रोजी दिलेल्या उत्तराच्या संदर्भात...’